शिंपला, पत्ता आणि अक्षर

जपानीत पत्त्यांना ‘कारुता’ म्हणतात. मूळ शब्द पोर्तुगीज, ‘कार्ता’. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजे गोव्याहून मकावमार्गे नागासाकीला जात, त्यांच्याबरोबर पत्ते तिकडे पोचले. नाव परके असले तरी जोडी जुळवण्याची जपानी रीत त्याहून जुनी आहे, आणि ती शिंपल्यांची आहे.

हामागुरी हा आपल्या तिसऱ्यांसारखाच, पण मोठा शिंपला. त्याचे एक अर्ध दुसऱ्या कुठल्याही शिंपल्याच्या अर्धाशी नीट बसत नाही. सरदार घराण्यांतल्या स्त्रिया शिंपले पालथे मांडून जोड्या शोधत. पुढे 360 शिंपल्यांचा संच रूढ झाला, आतून दोन्ही अर्धांवर सारखी चित्रे आली आणि नववधूच्या लवाजम्यात या शिंपल्यांच्या रंगीत पेट्या मिरवू लागल्या. जोडी खरी की खोटी, हे शिंपलाच सांगे; पंच लागत नसे.

कागदाला ही सोय नाही. कोणतेही दोन पत्ते एकमेकांवर सारखेच बसतात. माझ्या मते या खेळात भाषा शिरली ती इथे: जोडीची खूण शब्दांतच ठेवावी लागली. (आमच्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत 120 पत्ते, पण सगळा कारभार चित्रांचा. तिने कुणाला अक्षरओळख करून दिली नाही.)

आधी आल्या कविता. तेराव्या शतकात फुजिवारा नो तेइका याने निवडलेल्या शंभर कविता पत्त्यांवर उतरल्या. वाचणारा कविता म्हणू लागला की उत्तरार्धाचा पत्ता झडपायचा. शंभरांतल्या सात कविता तर पहिल्याच अक्षरावर ओळखू येतात. पाठांतर पक्के असले की हात आधी पोचतो.

लहान मुलांसाठी एदो काळात ‘इरोहा कारुता’ निघाला. 47 अक्षरे आणि राजधानीचा एक ‘क्यो’, अशा 48 जोड्या. एका पत्त्यावर म्हण, दुसऱ्यावर तिचे चित्र आणि कोपऱ्यात आद्याक्षर. वाचता न येणारे पोर कानाने म्हण ऐकते, डोळ्याने चित्र शोधते; कोपऱ्यातले अक्षर नकळत ओळखीचे होते. ‘अ अननसाचा’ घोकण्यापेक्षा ही युक्ती मला सरस वाटते. ‘इ’ ऐकताच एदोचे मूल काठीचा मार खाणारा भटका कुत्रा शोधी. क्योतोच्या मुलाची म्हण मात्र वीतभर पुढचाही अंधार सांगणारी.

1945च्या अखेरीस, जपानचा ताबा घेतलेल्या लष्करी प्रशासनाने शाळांतले इतिहास-भूगोलाचे तास थांबवले. ते पुढे पुन्हा सुरू झाले. पण 1947मध्ये गुन्मा प्रांतात ‘जोमो कारुता’ निघाला तो या पार्श्वभूमीवर. 44 अक्षरे, आणि प्रत्येकावर आपलाच डोंगर, आपलीच गरम पाण्याची झरी, आपलीच माणसे. मुलांनी प्रांत हातात धरून पाठ केला.

त्यातल्या ‘चि’च्या पत्त्यावर प्रांताची लोकसंख्या आहे. ती मात्र बदलत गेली: आधी 16 लाख, 1993पासून 20 लाख. आजी आणि नात एकाच चटईवर बसल्या, तर त्या अक्षराला दोघींच्या तोंडी वेगवेगळा आकडा येऊ शकतो.