तैनाती फौज आणि वऱ्हाडचा हिशोब

तैनाती फौज म्हटलं की पाठ केलेले मुद्दे आठवतात: वेलस्ली, 1798, निजाम, रेसिडेंट. तेवढ्यावर पेपर सुटतो. संशोधनाला बसायचं असेल तर मात्र वेगळं विचारा: या फौजेचा पगार कोण देत होतं, आणि तो थकला की काय व्हायचं?

हैदराबाद घ्या. 1798 च्या तहाने निजामाने आपली फ्रेंच अधिकाऱ्यांची फौज मोडली आणि कंपनीच्या सहा पलटणी ठेवल्या. खर्च वर्षाला 24,17,100 रुपये. 1800 मध्ये रोख रकमेऐवजी बेल्लारी, कडप्पा वगैरे मुलूख दिला. टिपूकडून मिळालेला वाटा असा कंपनीच्याच घशात गेला.

इथे हिशोब मिटायला हवा होता. पण एचिसनच्या तहसंग्रहात त्याच तहाचं बारावं कलम काढून बघा. युद्ध झालं तर निजामाने 6,000 पायदळ आणि 9,000 घोडदळ द्यावं, असं त्यात आहे. ‘युद्ध झालं तर’ हे नीट वाचा. रेसिडेंटांनी याच कलमाच्या जोरावर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली दुसरीच फौज उभी करवली आणि शांततेतही कायम ठेवली. पगार अर्थात निजामाचा. हीच हैदराबाद कंटिन्जंट. बऱ्याच नोट्समध्ये ती आणि तैनाती फौज एकच करून टाकलेली असते. तुम्ही तसं करू नका.

खजिना रिकामा, पण पगार थांबवता येत नाही. मग आधी पामर कंपनीच्या पेढीचं कर्ज, पुढे खुद्द ईस्ट इंडिया कंपनीचं. मी मूळचा विज्ञानाचा, त्यामुळे मला यात सरळ फीडबॅक लूप दिसतो: फौजेमुळे कर्ज, कर्जामुळे कारभारात रेसिडेंटचा हात, आणि तो हात असेपर्यंत फौज कमी होणं नाही.

1853 मध्ये या थकबाकीपोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा भाग कंपनीच्या ताब्यात गेला. एकही लढाई न होता. गंमत म्हणजे, शांततेत ही फौज पोसायला 1800 चा तह निजामाला बांधत नाही, हे खुद्द डलहौसीने लिहून ठेवलंय. तरी वसुली झालीच.

1857 मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, म्हणून 1860 मध्ये रायचूर, धाराशिव परत मिळालं, 50 लाखांचं कर्जही माफ झालं. वऱ्हाड नाही मिळालं. 1902 मध्ये ते वर्षाला 25 लाखांवर कायमच्या पट्ट्याने घेतलं गेलं. मालकी कागदावर निजामाचीच. 1903 मध्ये कंटिन्जंट इंडियन आर्मीत विलीन झाली आणि त्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं.