परमुलखातील जमीन आणि मोगलाईची माती

आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबे धाराशिव जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आली आहेत. त्यांतील जी मुले पुण्यामुंबईस अथवा परदेशी नोकरीस गेली, त्यांच्या हाती आता थोडीफार शिल्लक पडू लागली आहे. ‘आफ्रिकेत जमीन स्वस्त, ब्राझीलमध्ये पाऊस भरपूर, मग येथील कोरडवाहू रान विकून पैसा तिकडे का घालू नये?’ असा प्रश्न ज्ञातीच्या मेळाव्यांतून उघडपणे विचारला जातो. विचारणारास कोणी हसू नये. परमुलखातील जमिनीचा हिशेब आपल्या भागास नवा नाही. किंबहुना, एके काळी शेजारच्यांच्या दृष्टीने आपलाच जिल्हा परमुलूख होता.

बार्शी तालुका इंग्रजी अमलात, आणि तेथून थोड्याच कोसांवर मोगलाई, म्हणजे निजामाचे राज्य, सुरू होई. बालाघाटाचा डोंगर दोहोंकडे तोच, काळी माती तीच, सात-आठशे मिलिमीटरचा लहरी पाऊसही तोच. परंतु सीमेपलीकडे नाणे हाली शिक्क्याचे, नाक्यावर करोडगिरीची जकात आणि दफ्तराची भाषा आधी फारसी व पुढे उर्दू. माती एक असूनही जमिनीची किंमत एक नव्हती, ती या कारणांमुळे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही कंपनी सरकारच्या हवाली केला. नळदुर्गचा कारभार मेडोज टेलर याजकडे आला. ‘तारा’ या कादंबरीत तुळजापूर आणणारा ग्रंथकार तो हाच. त्याने येथे जमिनीची मोजणी हाती घेतली. त्या काळी मुंबई इलाख्यात विंगेट व गोल्डस्मिड यांनी घालून दिलेली पद्धत चालू होती, आणि ती आजही मुळातून समजून घेण्यासारखी आहे. शेतात खड्डा घेऊन मातीची खोली हाताने मोजीत. उत्तम काळी माती पावणेदोन हात खोल भरली, तर ती सोळा आणे. त्याखाली उतरत्या क्रमाने एकूण नऊ प्रती होत्या. चुनखडी, वाळूचे प्रमाण, उतार, पाणी साचणे हे दोष आढळल्यास प्रत खाली येई. मग पाऊसमान आणि बाजारपेठेचे अंतर पाहून आकार ठरे, व तो तीस वर्षे कायम राही. पुढे निजाम सरकारनेही मराठवाड्यात याच पद्धतीची मोजणी स्वीकारली.

मात्र या पद्धतीत एक रकाना नव्हता. १८६० च्या तहाने हा मुलूख पुनः निजामास परत गेला. सात वर्षांत धनी दोनदा बदलला, आणि रयतेस कोणी विचारले नाही. परमुलखात पैसा घालू पाहणाऱ्याने मातीच्या खोलीइतकीच ही खोलीही मोजावयास हवी.

बाजाराच्या अंतराचे म्हणाल, तर ते बार्शी लाईट रेल्वेने कमी केले. अडीच फुटी रुंदीची ही गाडी १८९७ मध्ये बार्शीस, १९०७ मध्ये तडवळ्यास आणि १९११ मध्ये लातुरास पोहोचली. खत वाढले नाही, पाऊस वाढला नाही. तरी लोहमार्गाकाठच्या रानाला पेठ जवळ आली.

परमुलखात जाऊन खरोखर यशस्वी झालेल्यांचे उदाहरण दुसऱ्या ज्ञातीचे आहे, आणि ते मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. सासवडच्या माळी बंधूंना विहिरीवरच्या उसाची विद्या अवगत होती. नीरेचा डावा कालवा १८८५ मध्ये वाहू लागला तेव्हा ते तिकडे गेले. नंतर गोदावरी व प्रवरेच्या कालव्यांवर पसरले. त्यांनी जमिनी बहुशः विकत घेतल्या नाहीत, खंडाने केल्या. भांडवल खत, मजुरी आणि बेणे यांत घातले. १९३२ मध्ये त्यांनी अकलूजजवळ माळीनगरचा साखर कारखाना स्थापिला. विद्या आधी व जमीन मागाहून, असा त्यांचा क्रम होता. याच नीरेच्या खोऱ्यात अतिपाण्याने जमिनी खारावल्या, व १९१० च्या सुमारास पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान यांना त्यांचा अभ्यास करावा लागला. जमीन खारावली तर खंडकरी पुढे सरकू शकतो. मालकास ते साधत नाही.

आफ्रिकेची गोष्ट थोडक्यात सांगतो. बंगळूरच्या एका कंपनीने २०१० मध्ये इथिओपियातील गंबेला प्रांतात एक लाख हेक्टर जमीन नाममात्र खंडाने घेतली. २०११ मध्ये बारो नदीच्या पुराने मका बुडाला, आणि २०१५ मध्ये तेथील सरकारने करारच रद्द केला. माती वाईट नव्हती. पूररेषा कोणी नीट पाहिली नव्हती.

ब्राझीलचे प्रकरण निराळे. तेथील सेर्रादो पठाराची तांबडी माती आम्लधर्मी आणि स्फुरदास पारखी. आपल्या काळीशी तुलना केली तर दरिद्रीच. आपली काळी उन्हाळ्यात भेगाळते खरी, पण पावसाचे पाणी पोटात धरून शाळू पिकवते. सेर्रादोला पाऊस पुष्कळ, परंतु मातीत कस नाही. १९७३ मध्ये तेथे सरकारी कृषिसंशोधन संस्था निघाली. चुना व स्फुरद घालून ती माती सोयाबीनजोगी करण्यात आली, आणि आज ब्राझील जगात सर्वाधिक सोयाबीन पिकवतो. हे यश जमीन स्वस्तात घेणाराचे नव्हे, अनेक वर्षे चुना ओतणाऱ्या सरकारचे व शास्त्रज्ञांचे आहे. शिवाय परकीयांनी शेतजमीन घेण्यावर तेथे १९७१ पासून कायद्याचे निर्बंध आहेत, हे जाहिरातीत क्वचितच लिहिलेले असते.

आपल्या जिल्ह्यातही आता खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन हेच. ते लातूरच्या आडतीवर जाते, आणि ब्राझीलमध्ये पीक अमाप आले की येथला भाव खाली येतो. तेव्हा रान विकावयास निघालेल्या बंधूने त्याच्या सातबाऱ्याबरोबर हेही पाहावे : विहिरीस चैत्रात पाणी किती हात उरते, माती किती हात खोल आहे, आणि परमुलखातील ज्या जमिनीचा नकाशा त्याच्या हाती दिला आहे तेथे खड्डा घेऊन कोणी पाहिले आहे काय.