वारेवरचा दिवा

बाळाच्या पाठोपाठ पडणारी वार सुकवायची, तिची भुकटी कॅप्सूलमध्ये भरायची आणि बाळंतिणीने ती गिळायची, ही टूम अमेरिकेत गेल्या काही दशकांत निघाली. विकणारे तिच्यावर ‘प्राचीन परंपरा’ असा शिक्का मारतात. २०१० साली दोन अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनी १७९ समाजांच्या नोंदी चाळल्या. आईने स्वतःची वार खाण्याचा जुना रिवाज त्यांना सापडला नाही. चिनी वैद्यकात वाळवलेली वार औषध म्हणून होती, पण ती गोष्ट वेगळी. पुरल्याच्या नोंदी मात्र पुष्कळ आहेत. आपल्याकडेही ‘इथे माझी नाळ पुरली आहे’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही.

हा रिवाज मुस्लिम समाजात किती खोल रुजला, ते पाहायला जावा बेटावर जावे. तिथे वार ही बाळाचे धाकटे भावंड मानली जाते आणि गर्भजल थोरले. बाप वार धुतो, मातीच्या मडक्यात ठेवतो, घराच्या दाराजवळ पुरतो: मुलगा असेल तर उजवीकडे, मुलगी असेल तर डावीकडे. सोबत मीठ, सुई, आणि पोर शिकावे म्हणून अरबी व जावानीज अक्षरे लिहिलेला कागद. वर ३५ दिवस दिवा.

३५ च का? सात दिवसांचा आठवडा आणि जावाचा पाच दिवसांचा बाजाराचा आठवडा यांचे चक्र ३५ दिवसांनी जुळते. सात वारांची नावे अरबीतून आलेली, पाचांची जावाची स्वतःची. १६३३ साली मातारामच्या सुलतान अगुंग यांनी हिजरी पद्धतीचे चांद्रवर्ष स्वीकारले, पण वर्षांची मोजणी नव्याने सुरू केली नाही. शक १५५५ तसाच पुढे चालू ठेवला. हा शक म्हणजे आपल्या पंचांगातलाच शालिवाहन शक! जावात इस्लाम असा आला. जुने आकडे पुसून नव्हे.

अर्थात हे सगळ्यांना पटले नाही. १९१२ मध्ये योग्यकार्तात अहमद दहलान यांनी मुहम्मदिया स्थापन केली. धर्मात घुसलेले रिवाज दूर करणे हा तिच्या कार्यक्रमाचा भाग होता. १९२६ ची नहदतुल उलमा स्थानिक चालीरीतींशी जुळवून घेणारी. पण वारेच्या बाबतीत शाफई फिकहचे उत्तर मला या दोन्ही टोकांपेक्षा शहाणे वाटते. (जावाचे मुसलमान शाफई, आपले कोकणीही शाफईच.) जिवंत माणसाच्या शरीरापासून वेगळा झालेला भाग पुरणे चांगले, कारण माणसाच्या देहाला इज्जत आहे. मग आक्षेप उरतो दिव्यावर: कारण नसताना तेल जाळणे ही उधळपट्टी. आणि वारेने बाळाचे रक्षण करावे अशी श्रद्धा असेल, तर प्रश्न थेट अकीद्याचा.

म्हणजे मडके राहू द्या, मीठही राहू द्या, दिव्याचे मात्र कारण सांगा. त्यावर लोकांचे उत्तर तयार असते: दिवा असला की कुत्री-मांजरी जागा उकरत नाहीत. हे कारण खरे की मौलवींसाठी शोधलेले, हे ज्याचे त्याला ठाऊक. आता पणतीच्या जागी कित्येक घरांत विजेचा लहानसा बल्ब असतो, वर टोपली पालथी घातलेली.