आगोट, वादळ आणि आपली दोन घरे



बहारीनमध्ये वारा म्हटला की आपल्याला शमाल आठवतो. दोरीवरच्या कपड्यांवर पिवळी धूळ बसते, दाराच्या फटीला ओले फडके लावावे लागते आणि दोन-तीन दिवसांत सगळे पूर्ववत होते. चक्रीवादळ हे संकट गावाकडचे, इथले नव्हे, अशी आपली पक्की समजूत असते. बऱ्याच अंशी ती खरीही आहे. जून 2007 मध्ये आलेल्या गोनू वादळाने ओमानला झोडपले आणि ते इराणच्या किनाऱ्याकडे गेले. 3 ऑक्टोबर 2021 रोजी शाहीन ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर आदळले. दोन्ही वादळे होर्मुझच्या अलीकडेच संपली. आपल्या आखाताचे पाणी उन्हाळ्यात भरपूर तापते, पण वाटेत ओमानचे डोंगर आहेत, हवा कोरडी आहे आणि वादळाला वाढायला लागते तेवढी जागाही इथे नाही. तरीही असे वादळ आखातात कधीच येणार नाही असे म्हणता येत नाही, हे निंग लिन आणि केरी इमॅन्युएल या शास्त्रज्ञांनी 2015 साली गणिताने दाखवले.

परंतु या बेटाला वादळाची आठवणच नाही, असे मात्र नाही. इथल्या जुन्या पिढीने एका सालाला नावच देऊन ठेवले आहे, ‘सनत अल-तबआ’, म्हणजे बुडण्याचे वर्ष. ते साल 1925. मोत्यांचा हंगाम संपत आला होता, नावा परतीच्या बेतात होत्या आणि अचानक आलेल्या वादळाने कितीतरी नावा माणसांसकट बुडवल्या. नाखुद्यापाशी स्वतःच्या अनुभवाखेरीज दुसरी कसली वर्दी नव्हती. मुहर्रकच्या किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्यांना तर काहीच कळायचा मार्ग नव्हता.

त्या काळातले साधे घर म्हणजे बरस्ती, खजुराच्या झावळ्यांचे आणि दोरीने बांधलेले. झावळ्यांतून वारा आरपार जातो, म्हणून उन्हाळ्यात ते बरे. मोडले तर पुन्हा बांधता येई. घराची खरी तयारी भिंतींची नसेच, ती असे धान्याची. पाणबुड्या समुद्रावर निघण्यापूर्वी नाखुद्याकडून उचल घेई आणि त्या पैशांवर मागे राहिलेल्या बायकामुलांचे तीन-चार महिने निघत. तांदूळ हिंदुस्थानातून येई, मोती विकायला मुंबईला जात आणि व्यवहार रुपयात चाले. (दिनार आला तो 1965 साली.) हे वाचताना आम्हाला आपली आगोटीची बेगमीच आठवली. पावसाळ्याआधी कोकणात तांदूळ, मीठ, मिरची, सुके मासे आणि सरपण भरून ठेवतात, तसेच हे. फरक एवढाच की इथली बेगमी कर्जाची होती आणि हे कर्ज बापाकडून मुलाकडे जाई. 1920 च्या दशकात सरकारने या धंद्याचे नियम बदलले आणि प्रत्येक पाणबुड्याच्या नावे हिशेबाची वही ठेवणे आले. त्याच सुमारास वादळ झाले. पुढे जपानचे कृत्रिम मोती आणि 1929 ची मंदी आली, तो धंदा बसला आणि 1932 साली इथे तेल लागले. आपण सगळे ज्या नोकऱ्यांसाठी इथे आलो, त्यांची सुरुवात तिथे आहे.

आता दुसऱ्या घराकडे वळू. आपल्याकडे वादळाची वर्दी देण्याची पद्धत संकटातूनच सुरू झाली. 1864 साली कलकत्त्याला भयंकर वादळ झाले, पुढच्याच वर्षी त्या बंदरासाठी इशारे सुरू झाले आणि 1875 साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. 1925 साली बहारीनच्या नाखुद्यापाशी जे नव्हते, ते 2020 साली श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या आईबाबांपाशी होते. 2 जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ झाल्याचे जाहीर झाले आणि 3 तारखेला ते रायगडच्या किनाऱ्यावर येणार हेही कळले.

वर्दी होती, पण घर तयार नव्हते. करोनाच्या टाळेबंदीत गडीमाणूस मिळेना, त्यामुळे कौले शाकारायची राहिली होती. गावच्या शाळेत बाहेरून आलेल्यांचे विलगीकरण चालू होते, म्हणून बाबा तिकडे जायला तयार नव्हते. मार्चपासून नेहमीची विमाने बंद, त्यामुळे आम्ही इथे मनामामध्ये फोनला चिकटून. सकाळी सात वाजता, म्हणजे तिकडच्या साडेनऊला, आम्ही एकेक काम सांगत होतो. अंगणातले पत्रे आत घ्या, घंगाळ आणि पिंप भरून ठेवा, दप्तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, गुरांचे दावे सोडा. आई म्हणाली, “अरे, हे सगळं झालंय. तुम्ही तिथे नीट जेवा.”

मग आम्ही आमची हुशारी पाजळली. रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेली, तेव्हा दाबाचे गणित आम्हाला कळणारच! बाहेरचा दाब घटला की आतल्या हवेने छप्पर उडेल, म्हणून समुद्राच्या उलट बाजूच्या दोन खिडक्या उघड्या ठेवा, असे आम्ही सांगितले. बाबांनी ऐकले. मुलगा शिकलेला, मग का नाही ऐकणार? आम्ही एवढे मात्र बरोबर सांगितले की शेजारच्या काकांच्या स्लॅबच्या घरात जाऊन बसा. दहा वाजता, म्हणजे तिकडे साडेबाराला, फोन तुटला. नंतर चार दिवस काहीच कळले नाही.

वादळ साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून गेले. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. विजेचे खांब आडवे झाले, नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. पाचव्या दिवशी काकांचा मुलगा रेंज मिळेपर्यंत चालत गेला आणि त्याने फोन केला. दोघे सुखरूप होते. वाडीतल्या पोफळी गेल्या होत्या. आणि घराची मागची पडवी उघडी पडली होती, जिथल्या खिडक्या आम्ही उघडायला लावल्या होत्या तीच.

नंतर वाचून कळले ते असे. कौलारू घराला इतक्या फटी असतात की आतबाहेरचा दाब आपोआप सारखा होतो. वादळ पुढे सरकते तशी वाऱ्याची दिशा बदलते. उघड्या खिडकीतून शिरलेला वारा छपराला आतून वर ढकलतो, बाहेरचा वारा त्याला वर ओढतोच, आणि दोन्ही जोर एकत्र होतात. म्हणून सगळी दारेखिडक्या घट्ट बंद हवीत. केंद्र जवळून गेले तर वारा मध्येच पडतो, तेव्हाही बाहेर पडू नये, कारण तो थोड्या वेळाने उलट दिशेने येतो. हे आम्हाला आधी ठाऊक नव्हते आणि ठाऊक असल्यासारखे आम्ही बोललो. बाबांनी आजवर यावर एक शब्द काढलेला नाही. पडवी पुन्हा झाली, पण त्यांचे ते न बोलणे आम्हाला अजून बोचते.

एका बाबतीत आमची विद्या कामी आली. विहीर पानांनी भरली होती आणि लोक वरून ब्लीचिंग पावडर टाकत होते. कुजणारा पाला क्लोरीन खाऊन टाकतो, मग जंतूंसाठी काही उरत नाही. आधी पाला उपसा, गढूळ पाणी बसू द्या, मग 1000 लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली पावडर टाका आणि निदान अर्धा तास थांबा. उघड्या पिशवीतली दमट पावडर वापरू नका, तिच्यातला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो.

16 एप्रिल 2024 च्या सुमारास आखातात धो धो पाऊस झाला, तेव्हा इथल्या रस्त्यांवरही पाणी साचले होते. त्या दिवशी बाबांचा फोन आला, “पाणी भरून ठेवलंत का? कागदपत्रं वर ठेवा.” सूचना देणारे आता ते होते. आम्ही निमूटपणे उठलो आणि पासपोर्ट कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवले.

या अंकाचे शेवटचे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे. त्यावर गावाकडच्या घरासाठी तीन गोष्टी लिहाव्यात : स्लॅबचे घर असलेल्या शेजाऱ्याचा नंबर, गावापासून लांब राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाचा नंबर (गावातले फोन बंद पडले तरी निरोप त्याच्यापर्यंत पोचू शकतो) आणि कौले शाकारायला येणाऱ्या माणसाचे नाव. हे पान मे महिना लागण्याआधी भरावे. आणि भरताना आईवडिलांनाच विचारावे, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असते.