साभार पोच आणि निर्भीड अभिप्राय

नवे पुस्तक छापून होताच, दुकानात मांडले जाण्याच्या आधी किंवा त्याच सुमारास, त्याची प्रत संपादकाकडे अभिप्रायासाठी धाडायची, ही चाल मराठीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. पाठवणाऱ्याच्या पदरात त्या बदल्यात दोन गोष्टी पडत. पहिली पोच: पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, किंमत आणि ‘साभार’ असा एक शब्द. दुसरा अभिप्राय. तो मिळेलच अशी खात्री नसे, आणि मिळाला तरी गोडच असेल असेही नसे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्यात आपल्या संपादकांनी मोठे शहाणपण दाखवले. फुकट मिळालेल्या प्रतीचे ऋण पोच छापून फिटते; मग वाचणारा मोकळा होतो. त्याने एका पुस्तकातले दहा गुण आणि पाच दोष एकाच लेखात, आपल्या जबाबदारीवर, सर्वांसमक्ष सांगावेत. असा संमिश्र अभिप्राय ही या चालीची खरी कमाई आहे, आणि मराठी ग्रंथव्यवहाराला वळण लावण्यात तिचा वाटा बक्षिसांपेक्षा किंवा सरकारी आश्रयापेक्षा मोठा आहे, असे माझे मत आहे.

हे पटण्यासाठी या चालीच्या आधीचा आणि तिच्या शेजारचा वाचक पाहावा लागतो. पेशव्यांच्या काळापासून चालत आलेल्या दक्षिणेच्या पैशातला काही भाग मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्यासाठी वळवला गेला आणि 1851 साली दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. लेखक हस्तलिखित पाठवी आणि कमिटी ते वाचून निकाल देई. या मदतीमुळे अनेक भाषांतरे आणि शालोपयोगी ग्रंथ छापले गेले, हे मान्यच केले पाहिजे. पण हा निकाल बंद दाराआडचा होता. जोतीराव फुल्यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून याच कमिटीकडे दिले. ते नाकारले गेले. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी नोंद फुल्यांनी स्वतः ‘गुलामगिरी’त करून ठेवली आहे. हे नाटक सामान्य वाचकाला छापील स्वरूपात वाचायला मिळाले ते 1979 साली, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. त्या नाटकात काय खटकले आणि काय चांगले होते, हे कमिटीने तेव्हा चारचौघांत सांगितले असते तर निदान वाद झाला असता. होकार किंवा नकार एवढेच देणाऱ्या वाचकाने वादालाच जागा ठेवली नाही.

दुसरा वाचक सरकारी होता. 1867 च्या पंचविसाव्या कायद्याने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारकडे देणे बंधनकारक झाले आणि त्यांच्या त्रैमासिक याद्या निघू लागल्या. त्यांत शेऱ्यांचा रकाना असे. साहित्याच्या इतिहासकाराला या याद्या मोलाच्या आहेत. पण शेरा लिहिणाऱ्याची नजर प्रजा काय छापते आहे यावर होती. लेखकाला सुधारावे किंवा वाचकाला निवड करता यावी, हा तिचा हेतू नव्हता. नेमक्या त्याच 1867 साली ‘विविधज्ञानविस्तार’ सुरू झाले. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या संपादनाखाली वाढलेल्या या मासिकाने पुढे सुमारे सत्तर वर्षे ग्रंथपरीक्षणाला मानाची जागा दिली. कमिटी आणि सरकार यांच्या पलीकडचा तिसरा वाचक मराठीला इथे मिळाला. तो बक्षीस देत नव्हता आणि बंदीही घालत नव्हता. कारणे देत होता, आणि ती छापत होता.

अशा मोकळ्या चर्चेने काय साधले? ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्या लोकप्रिय होत्या तेव्हा काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 1872 साली ‘नावल व नाटक’ या निबंधात त्यांच्यातल्या अवास्तवाला हरकत घेतली. पुढे तेरा वर्षांत हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिति’ आली आणि कादंबरी पुण्याच्या घराघरांत शिरली. मराठ्यांच्या निबंधामुळेच हरिभाऊ घडले असे कोणी म्हणणार नाही. पण संभाव्यतेची मागणी करणारा वाचक त्यांच्या आधी तयार होऊ लागला होता, एवढे नक्की. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. नाटककार म्हणून गाजण्याआधी त्यांचे नाव झाले ते ‘विक्रमशशिकला’ या नाटकाच्या विस्तृत परीक्षणामुळे. कथानक, स्वभाव, भाषा, पदे अशी एकेक बाजू घेऊन जमाखर्च मांडण्याची रीत त्यांनी रुळवली. असे परीक्षण वाचणाऱ्याला पुस्तक आवडते की नाही हा प्रश्न मागे पडतो आणि नाटक कसे वाचावे हे कळू लागते. परीक्षण हे शिक्षण होते ते असे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. छापील परीक्षकही निःपक्षपाती नव्हता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ काढली आणि मराठी टीकेला धार आणली. पण त्याच धारेने त्यांनी फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली, त्यांच्या मूळ प्रश्नाला मात्र हात घातला नाही. तो अन्याय होता. मग कमिटीत आणि मालेत फरक काय? फरक एवढाच, पण तो निर्णायक आहे: विष्णुशास्त्र्यांचे म्हणणे कारणांसह छापलेले आहे. म्हणूनच पुढच्या पिढ्यांना ते तपासता आले, खोडता आले आणि फुल्यांच्या बाजूने निकाल फिरवता आला. जाहीर पक्षपाताला उत्तर देता येते. मुका नकार मात्र कोणाला सापडतच नाही.

दुसरा आक्षेप प्रकाशकांचा असतो, आणि तो कळवळ्याचा आहे. मराठीची बाजारपेठ लहान, आवृत्ती हजार-पाचशेची; अशा वेळी नव्या लेखकाला उत्तेजन द्यावे, दोष काढून त्याचा पाय मागे खेचू नये. पण सरसकट स्तुतीने नव्या लेखकाचेच नुकसान होते, कारण त्याच्या चांगल्या पुस्तकाला वेगळे काढायला शब्दच उरत नाहीत. तिसरा आक्षेप ओळखीपाळखीचा: सगळे एकमेकांना ओळखतात, मग स्पष्ट लिहिणार कसे? यावर मराठीनेच उपाय करून पाहिला आहे. वसंत दावतरांनी 1962 साली केवळ समीक्षेला वाहिलेले ‘आलोचना’ मासिक सुरू केले आणि त्यात परीक्षकाचे नाव न छापण्याचा पायंडा पाडला. नाव झाकल्याने जबाबदारी सैल होते, ही शंका रास्त आहे; पण त्या नावांमागे एक संपादक उभा होता आणि तो उत्तरदायी होता.

आज प्रती अजूनही पाठवल्या जातात. ‘परीक्षणासाठी दोन प्रती पाठवाव्यात’ ही सूचनाही छापली जाते. पण वृत्तपत्रांत परीक्षणाची जागा आकसली आहे. जे छापून येते त्यात पुस्तकाचा परिचय असतो, पारख क्वचितच. छापण्याआधीच नामवंतांकडून मागवलेला मजकूर मलपृष्ठावर येतो आणि तोच अभिप्राय म्हणून फिरतो. ही घसरण थांबवणे पैशाचे काम नाही. संपादकांनी पोच आणि परिचय यांवर न थांबता महिन्याला थोड्याच पुस्तकांची, पण पुरती झाडाझडती घ्यावी. प्रकाशकांनी प्रतिकूल ओळही सहन करावी. आणि ज्याच्या हाती नवी प्रत सर्वांआधी पडते, त्या वाचकाने आवडलेले आणि न आवडलेले दोन्ही कारणांसह लिहावे. भेट मिळालेल्या पुस्तकाची परतफेड पुरेपूर वाचून खरे सांगण्यानेच होते.