गिरणीची भिंत, स्टुडिओची भिंत

अलीकडे ‘इंडस्ट्रियल स्टाइल’चा स्टुडिओ ही प्रतिष्ठेची बाब झाली आहे. गिलावा न केलेली विटांची भिंत, उघड्या लोखंडी तुळया, छताखालून धावणारे पाइप, उंच खिडक्या. चित्रकाराला, छायाचित्रकाराला, जाहिरातवाल्याला अशी जागा हवी असते आणि लोअर परळच्या बाजूला ती मिळते. कमला मिल, टोडी मिल, मथुरादास मिल या नावांतला ‘मिल’ हा शब्द आता पत्त्यापुरता उरला आहे. अंबरनाथ-बदलापूरहून लोकलला लोंबकळत आमचे विद्यार्थी तिकडे कामाला जातात. त्यांतल्या काहींचे आजोबा गिरणीत होते. नातवाला ती भिंत आवडते. आवडू नये असे मी म्हणणार नाही. मात्र ती भिंत कोणासाठी उभी राहिली आणि तिच्या आत कोण कुठे उभा राहू शकत होता, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

ही अभिरुची मूळची न्यूयॉर्कची. तिथल्या सोहो भागातले कारखाने आणि वखारी ओस पडल्यावर १९६०च्या दशकात गरीब चित्रकार त्यांत शिरले, कारण भाडे कमी आणि उजेड भरपूर. १९७१ साली तिथल्या नगरपालिकेने कलावंतांना अशा जागेत राहण्याची मुभा दिली. १९८२ साली न्यूयॉर्क राज्याने अशा भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा केला. त्याच १९८२च्या १८ जानेवारीला मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तिकडे रिकाम्या कारखान्यात राहणाऱ्याला कायद्याचा आधार मिळाला. इकडे ज्याने कारखाना चालवला त्याला पुन्हा दारातून आत येता आले नाही.

गिरणीची इमारत माणसाच्या सोयीने बांधलेली नव्हती, सुताच्या सोयीने बांधलेली होती. करवतीच्या दात्यांसारखे छप्पर आणि त्यात उत्तरेकडे तोंड केलेल्या काचा असत, त्या साच्यांवर ऊन न पडता दिवसभर सारखा उजेड पडावा म्हणून. आज चित्रकार याच उजेडावर लुब्ध होतो. सूत तुटू नये म्हणून हवेत ओल धरून ठेवायची, खिडक्या उघडायच्या नाहीत. कामगाराच्या छातीत कापसाचे तंतू जात राहिले आणि साच्यांच्या खडखडाटाने कान बधिर झाले.

या इमारतीचा एक नकाशा वास्तुशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. विणकाम खात्यात, म्हणजे साच्यांवर, पगार अधिक. तिथे अस्पृश्याला प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी संपली की नवी घालून सुताचे टोक तोंडाने ओढून काढावे लागे, आणि अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या रिंग खात्यात अडकली. वाफेचे इंजिन आले, वीज आली; जात मात्र त्याच फाटकातून रोज हजेरी लावत राहिली. १९२८च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला. सर्व खाती अस्पृश्यांना खुली करण्याची मागणी घेतली नाही, तर अस्पृश्य कामगार संपात राहणार नाहीत, असे बजावावे लागले तेव्हा ती मागणी यादीत आली. वर्गाच्या एकजुटीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे प्रकरण आजही नीट वाचलेले दिसत नाही. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, त्यामागे गिरणीतला हा अनुभवही होता.

मग या कामगारांची कला कुठे घडली? गिरणीच्या उंच छताखाली तर नाहीच. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. त्याचे रंगमंच म्हणजे मैदाने आणि चाळींमधल्या मोकळ्या जागा. अण्णा भाऊंचे लेखन घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत झाले. बाबूराव बागूल माटुंगा लेबर कॅम्पात राहिले. दहा बाय दहाच्या खोलीत घरची माणसे झोपल्यावर कंदील बारीक करून लिहिणे, हा आपल्या साहित्याचा खरा स्टुडिओ. त्याची शैली अजून कोणी विकायला काढलेली नाही, हे एक बरेच आहे.

१९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम असा फिरवला की वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची. उभ्या इमारतींखालची जमीन हिशोबातून सुटली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. त्यानंतर झगमगाट आला. २९ डिसेंबर २०१७ला कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून चौदा जण मेले.

आमच्या भागातही परक्याच्या छपराखाली काम उभे करण्याची जुनी परंपरा आहे. महायुद्धातल्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित आले, पडदे आणि फळ्या लावून संसार मांडला, त्यातच शिलाई यंत्रे लावली. १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. तिला कोणी ‘लॉफ्ट’ म्हटले नाही. अंबरनाथला विमकोचा आगपेट्यांचा कारखाना गेला, नाक्याला नाव राहिले. औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ साली बारवी धरण बांधले ते या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या पाण्यासाठी. उंची वाढवत नेली तसे गावपाडे उठले.

त्या पाण्यावर चाललेल्या वसाहतीतला एखादा बंद गाळा भाड्याने घेऊन तालमी आणि ध्वनिमुद्रण करावे, असे काही मुले विचारतात. करावे. पण मासिकातले चित्र पाहून नव्हे. उघड्या विटांवर आवाज आपटून परत येतो, शाहिराचा शब्द फुटतो. तिथे जुन्या गोधड्या टांगलेल्या बऱ्या. पत्र्यावर आषाढाचा पाऊस सुरू झाला की मुद्रण बंद, म्हणून आत दुसरे छत हवे, त्यात भुसा नाही तर काथ्या. स्वच्छतागृहाला कडी हवी, नाही तर मुली तालमीला येणार नाहीत. आणि तालीम शेवटच्या गाडीच्या बऱ्याच आधी संपली पाहिजे. पाण्याचा नळ दर्शनी बाजूला, वाटेवरच्या कोणालाही पिता येईल असा.

२०२४ साली सरकारने गिरणी कामगारांच्या घरांसाठी शेलू आणि वांगणी ही ठिकाणे पुढे केली. बदलापूर सोडले की पुढचे स्टेशन वांगणी, त्यापुढचे शेलू. कामगार संघटनांनी विरोध केला. घर मुंबईतच हवे ही त्यांची मागणी आहे. ज्या आवारात त्यांनी हयात घालवली तिथून लोकलने इथवर येण्यास दीड-दोन तास लागतात.