पंगतीतून उठवलेला मुलगा

संत ऑगस्टीनचे नाव तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतून आपल्याला अधूनमधून भेटते. मला मात्र त्याच्यापेक्षा त्याच्या आईचे, मोनिकेचे, कुतूहल अधिक. पोटचा मुलगा धर्मापासून दूर गेला की आईने करायचे काय, हा प्रश्न तिच्यापुढे तेराएक वर्षे उभा होता. आणि तिने शोधलेली उत्तरे काही सगळीच शहाणपणाची नव्हती.

ऑगस्टीन ३५४ साली थागास्ते येथे, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या सूक अहरास गावी, जन्मला. बाप जुन्या रोमन देवांना मानणारा, आई ख्रिस्ती. कार्थेजला शिकायला गेलेला हा बुद्धिमान पोरगा एकोणिसाव्या वर्षी मानीच्या पंथात शिरला. प्रकाश आणि अंधार यांचे अखंड युद्ध मानणारा हा पंथ इराणी साम्राज्यात उगवलेला. मुलगा घरी परतला, तेव्हा मोनिका त्याला आपल्या पंगतीला बसू देईना!

पुढे तिला स्वप्न पडले. एका लाकडी फळीवर आपण उभ्या आहोत आणि शेजारी मुलगाही उभा आहे. मुलाने चतुराईने अर्थ लावला, की आईच आपल्या पंथात येणार. तिने तत्काळ फटकारले : तू जिथे तिथे मी, असे नव्हे, मी जिथे तिथे तू, असे दिसले. पण त्या स्वप्नानंतर तिने त्याला पुन्हा घरात घेतले, आणि मला हीच गोष्ट मोठी वाटते.

एका बिशपाकडे ती रडत गेली : माझ्या मुलाशी वाद घालून त्याला वळवा. बिशपाने साफ नाकारले. हा बिशप स्वतः लहानपणी मानीपंथीयांत वाढलेला होता. त्यांचे ग्रंथ वाचून, नकलून, कोणी वाद न घालता तो बाहेर पडला होता. मुलगा वाचील आणि आपला आपण समजेल, तू प्रार्थना कर, एवढेच त्याने सांगितले. अशा नाजूक विषयात अनुभवी माणसाने ‘नाही’ म्हणावे, याला धैर्य लागते.

मोनिकेला हे पचायला वेळ लागला. ३८३ साली मुलगा रोमला निघाला, तेव्हा ती किनाऱ्यापर्यंत त्याला बिलगून राहिली. शेवटी तो थाप मारून रात्री जहाजात चढला. दोन वर्षांनी तीही समुद्र ओलांडून मिलानला पोचली. वाटेत वादळ झाले तर खलाशांनाच धीर देत होती म्हणे.

मिलानला मुलाचे मन बिशप अँब्रोजच्या प्रवचनांनी हलू लागले होते. इथेच मोनिकेच्या हातून घडलेली एक गोष्ट मला आजही खुपते. चांगल्या घरची सून यावी म्हणून तिने स्थळ जमवण्याची खटपट केली, आणि अनेक वर्षे ऑगस्टीनबरोबर राहिलेल्या, त्याच्या मुलाच्या आईला एकटीला आफ्रिकेला परत जावे लागले. ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात आपल्या काळजाला झालेली जखम लिहून ठेवली. तिचे नाव मात्र लिहिले नाही. ते लग्न पुढे झालेच नाही.

३८७ च्या ईस्टरला ऑगस्टीनने बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी गावी परतताना ओस्तिया बंदरात मोनिका तापाने खंगली आणि नवव्या दिवशी गेली. वयाचे छप्पन्नावे वर्ष. थागास्तेला नवऱ्याशेजारी तिने स्वतःसाठी जागा करून ठेवली होती. शेवटी मात्र मुलांना म्हणाली, देह कुठेही पुरा. त्यांनी तिला ओस्तियातच पुरले. १९४५ साली तिथे खेळासाठी खड्डा खणणाऱ्या पोरांना तिच्या समाधिलेखाचा फुटका तुकडा सापडला.